दोन किल्ल्यांचा कॉम्प्युटर

आमचे घरमालक काका जिना चढता चढता दुसऱ्यांची कुलपं ओढून बघायचे. तळमजल्यावरचे लोक गावाला गेलेले असले तर त्यांचं, पहिल्या मजल्यावरची नवरा-बायको दोघं कामाला जायची म्हणून त्यांचं, आणि आम्ही तर त्यांचेच भाडेकरू, त्यामुळे आमचं हक्कानंच. ओढायचे, खटका ऐकायचे, 'हं' म्हणायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे.

एकदा पहिल्या मजल्यावरचं कुलूप ओढलं तर ते हातातच आलं. घाईत नीट दाबलं गेलं नसणार. कुणाही शहाण्या माणसाने ते दाबून बंद केलं असतं आणि आपल्या घरी गेला असता. काका तिथेच उभे राहिले. संध्याकाळी ती दोघं कामावरून येईपर्यंत उभे. काकूंनी त्यांचा चहा जिन्यात नेऊन दिला. मी विचारलं, "अहो काका, दाबायचं ना फक्त." तर म्हणाले, "मास्तरीणबाई, उघडं कुलूप मी बंद केलं की आतल्या सगळ्याची जबाबदारी माझी झाली. आत काय आहे, काय गेलंय, मला काय ठाऊक?"

मास्तरीणबाई म्हणजे मी. लग्न होऊन कळव्याहून डोंबिवलीला आले तेव्हा स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. नवरा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्टला. काकांचे शेजारी शेजारी दोन ब्लॉक होते, एकात ते आणि काकू, दुसरा आम्हाला भाड्याने. ताबा देताना त्यांनी आमच्या दाराला दोन कुलपं लावून दिली, एकाची किल्ली नवऱ्याला, दुसऱ्याची मला. म्हणजे दोघं एकदम आलो तरच घर उघडणार. शिफ्टवाल्या नवऱ्याची बायको म्हणजे काय हे त्यांना कोण सांगणार? आम्ही दुसऱ्याच दिवशी चावीवाल्याकडून डुप्लिकेट करून आणल्या आणि तिथून जाईपर्यंत त्यांना पत्ता लागू दिला नाही.

हे सगळं बँकेतून आलेलं. काका उभा जन्म बँकेत होते, शेवटची बरीच वर्षं तिजोरीवर. तिथली पद्धत अशी की तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकाच्याने ती उघडत नाही. काका रिटायर झाले पण ती पद्धत काही रिटायर झाली नाही. घरातल्या लोखंडी कपाटाला त्यांनी वरून एक जादा कुलूप बसवून घेतलेलं. मूळची किल्ली त्यांच्या जानव्याला, जादा कुलपाची काकूंच्या कमरेला. मी एकदा चिडवलं, "काकूंवर विश्वास नाही वाटतं?" त्यांना ते लागलं. म्हणाले, "एकट्याने तिजोरी उघडायची नाही, ती माणूस वाईट असतो म्हणून नाही. एकटा असतो म्हणून."

आणि हे तत्त्व ते निभावायचेही. भाच्याच्या मुंजीला काकू सकाळीच कार्यालयात गेलेल्या, कमरेला किल्लीसकट. काकांचे चांगले कपडे कपाटात. माणूस चट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात आणि घरच्या सदऱ्यात मुहूर्ताला हजर, आणि बसला कुठे तर पहिल्या रांगेत. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, कार्यालयात फोन होता की. कुणाच्या तरी हाती पाठवली असती मी." काका म्हणाले, "किल्ली कुणाच्या हाती पाठवायची नसते." त्या दिवशी काकू इतक्या हसल्या की जेवताना त्यांना ठसका लागला. काकू तशा हसऱ्याच होत्या. या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे हसणं तरी पाहिजे नाहीतर घटस्फोट तरी.

त्यांच्याजवळ काळजी असायची आणि ती संसर्गजन्य होती. काकांशी जिन्यात दोन मिनिटं बोलून मी स्टेशनकडे निघाले की निम्म्या वाटेत गॅस बंद केला का, हा किडा डोक्यात वळवळायला लागायचा. कितीदा मी परत फिरलेय. आणि परत आले की काका जिन्यात उभेच. "बघितलंत? शंका आली ना? चांगलं आहे," असं वर ऐकवायचे.

अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला. मुलगा अमेरिकेत होता. एका सुट्टीत येऊन त्याने सुटे भाग जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर आणि मोडेम आणून ठेवला, म्हणजे आईबाबांना ईमेल करता येईल. शिकवायची आणि सांभाळायची जबाबदारी माझ्यावर. काकांचा पहिला प्रश्न, "याला कुलूप कुठे आहे?" मी पासवर्डची चौकट दाखवली. त्यांनी खूश होऊन पासवर्ड ठेवला आणि मग सवयीने ती चौकट ओढून बघितली, म्हणजे हाताला येतील ती बटणं दाबली. एस्केप दाबल्याबरोबर कॉम्प्युटर आपला उघडा. तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरला पासवर्ड असायचा तो असा शोभेचा. काकांना रात्री झोप लागली नाही. शेवटी मुलाने वैतागून ऑफिसांत असायची तसली जड सिस्टीम त्यात घालून दिली. तिचा पासवर्ड चुकला की ती खरोखरच आत सोडत नसे. तिची सगळ्यात वरची किल्ली, म्हणजे कुणाचाही पासवर्ड बदलायचा अधिकार, त्याने जाताना माझ्याकडे दिली. "बाबांना देऊ नका, ते रोज बदलत बसतील."

आता ओळखा, पासवर्ड कसा ठेवला असेल. अर्धा काकांचा, अर्धा काकूंचा. दर रविवारी संध्याकाळी दोघं कॉम्प्युटरसमोर बसायची. आधी काका आपला अर्धा टाइप करायचे, तेव्हा काकूंनी खिडकीकडे बघायचं. मग काका उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि काकू एका बोटाने आपला अर्धा टाइप करायच्या. मग मुलाची आठवडाभराची पत्रं वाचायची, उत्तर लिहायचं. काकूंचा अर्धा काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांना मात्र तो जाणून घ्यायची खाज होती. मला एकदा हळूच म्हणाले, "माहेरचं काहीतरी असणार हो." काकू आतून म्हणाल्या, "मुळीच नाही."

पुढच्या वर्षी मला मेथी यायला लागली. म्हणजे असं, की संध्याकाळी दाराची कडी वाजायची, काका उभे, हातात मेथीची जुडी. "जास्त आली, घ्या." दुसऱ्या दिवशी परत जुडी. एकदा तर एकाच संध्याकाळी दोनदा. आठवडाभर मेथीची भाजी, मेथीचे पराठे, नवरा म्हणाला आता शिफ्टच बदलून घेतो. मी जरा ठसक्यातच काकांना विचारलं, "काका, तुमच्याकडे कुणी मेथी पेरलीय का?" ते हसले नाहीत. मागे वळून स्वतःच्या दाराकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ती आणते. मग परत जाते आणि परत आणते. घरात ढीग दिसला की तिच्या लक्षात येईल ना."

मग सगळं दिसायला लागलं. काकूंनी मला "आज क्लासला सुट्टी का गं?" हे एका बैठकीत पुन्हापुन्हा विचारलेलं, आणि मी मेली मनातल्या मनात कंटाळलेले.

त्यानंतरच्या एका रविवारी काकांनी मला क्लासवरून येताना जिन्यातच गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून विचारलं, "मास्तरीणबाई, कॉम्प्युटर आपोआप उघडायची काही सोय असते का? म्हणजे पासवर्ड न विचारता?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. लोकांची कुलपं ओढणारा हा माणूस. म्हटलं, "असते. पासवर्ड कॉम्प्युटरच्याच पोटात लिहून ठेवायचा. चालू केला की तो स्वतःच भरतो आणि आत जातो."

"म्हणजे किल्ली कुलपालाच अडकवून ठेवायची."

"हो."

"बँकेत असं कुणी केलं असतं तर मी त्याला निलंबित केलं असतं." मग सगळं सांगितलं. गेले काही रविवार काकूंचा अर्धा जुळत नव्हता. पहिल्यांदा चुकला तेव्हा काका म्हणाले, माझंच बोट घसरलं असेल. पुन्हा टाइप केलं, पुन्हा चुकलं, काका पुन्हा म्हणाले माझंच चुकलं. मग लाइट गेल्याचं नाटक, मग फोन बंद असल्याचं. मुलाची पत्रं साठत चाललेली. "ती गप्प बसते हो," काका म्हणाले. "बटणांकडे बघत बसते. मागच्या रविवारी तिच्या हाताला घाम आलेला. तिला कळता कामा नये. तिचे वडील असेच गेले, शेवटी स्वतःच्या लेकीला ओळखत नव्हते. तिने ते सगळं काढलंय. आपलंही तेच होणार ही भीती तिला लग्नाआधीपासून आहे. तिला कळलं ना, तर ती त्या दिवशीच खचेल."

मी म्हटलं, "मग कॉम्प्युटर आपोआप उघडला तर कळणारच की. विचारतील, माझा अर्धा कुठे गेला?"

"तेच तर," काका म्हणाले. "मला कुलूप पाहिजे. पण कुठल्याही किल्लीने उघडेल असं."

मला आधी रागच आला. बाईला डॉक्टरकडे न्यायचं सोडून हे काय खेळ? तसं तोंडावर बोललेही. काका म्हणाले, "डॉक्टरचं मी बघतोय. पण डॉक्टरकडे काय सांगून नेऊ?"

शेवटी मी ते केलं. काकू देवळात गेलेल्या असताना बसले. माझा अधिकार वापरून जुना पासवर्ड पुसला, नवा घातला, आणि तो कॉम्प्युटरच्या पोटात लिहून टाकला, म्हणजे तो आपोआप आत जाईल. वर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. चालू झाल्याबरोबर तो अगदी पहिल्यासारखीच पासवर्डची चौकट दाखवायचा, काहीही टाइप करा, क्षणभर विचार केल्यासारखं करायचा आणि बाजूला व्हायचा. काका खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "तिचा जुना अर्धा आता कुठे असेल?"

"कुठेच नाही. पुसला गेला."

"म्हणजे तो काय होता, हे आता कुणालाच कळणार नाही?"

मी मान हलवली. ते खाली पलंगावर बसले आणि हातातली रुमालाची घडी मोडत राहिले. मला वाटलं आता रडतात की काय. मी उगाच माउसची वायर सरळ करत बसले.

पहिल्या रविवारी मला बोलावलंच होतं. घोळ असा होता की खोटी चौकट यायच्या आधी क्षणभर आतलं सगळं उघडं दिसायचं, ते काही केल्या मला घालवता आलं नव्हतं. त्या वेळात काका पडद्यासमोर आडवे उभे राहून धूळ पुसायचे. मग चौकट. काकांनी आपला अर्धा टाइप केला. उठले, भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी एक एक बटण दाबलं, थांबल्या, अजून एक दाबलं, आणि आमच्याकडे न बघता एंटर मारलं. उघडलं. काकूंनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला तो मला ऐकू आला. म्हणाल्या, "बघा, माझा बरोबर होता. तुमचंच चुकत होतं इतके दिवस."

"हो गं," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "माझंच."

असं कितीतरी रविवार चाललं. मी मात्र टरकलेलीच. ज्याने विश्वासाने सगळं माझ्या हाती दिलं त्या मुलाला कळवायला नको का? काका म्हणायचे, तो आला की समोरासमोर सांगू, फोनवर नको. आणि डिसेंबरात तो सुट्टीवर आला, आणि आमचं कुणाचं सांगून व्हायच्या आत दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरसमोर बसला. काकूंनी मला थालीपीठ खायला बोलावलेलं म्हणून मी तिथेच होते. काका म्हणाले, "थांब, तुझ्या आईला येऊ दे." तो हसला. "काय बाबा, अजून तेच?" आणि गंमत म्हणून त्याने काहीतरी टाइप केलं. उघडलं. त्याने कॉम्प्युटर बंद करून परत लावला, नुसता एक आकडा दाबला. उघडलं.

"अहो बाबा, हे कशानेही उघडतंय. हे कुणी करून ठेवलंय?" मुलगा मोठ्याने म्हणाला आणि माझ्याकडे वळला. तेवढ्यात काकू हातात ताट घेऊन बाहेर आल्या. "काय झालं रे?"

"आई, यात पासवर्ड नाहीच आहे. तू काहीही टाइप कर, ते..."

"मी करून घेतलंय," काका म्हणाले.

काका आपल्या मोठ्या, बँकेतल्या आवाजात बोलत होते, नजर मात्र जमिनीवर. "मला माझा अर्धा आठवत नाही. बरेच महिने झाले. आणखीही बरंच काही आठवत नाही. यांना मी गळ घातली म्हणून यांनी करून दिलं, यांना काही बोलू नकोस."

काकूंनी ताट टेबलावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच गेलेला. काकांच्या जवळ गेल्या, त्यांच्या दंडाला हात लावला. "आणि मला बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"लाज कसली त्यात," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले, पण आवाज असा कणखर, की मी तो त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "मी आहे ना. मी माझ्या वडलांचं सगळं केलंय. मला माहीत आहे काय काय करायचं ते."

मुलाने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्याला खरं काय ते त्या सुट्टीत कधी कळलं, मला माहीत नाही. कळलं असावं, कारण जाण्याआधी त्याने ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि आधी एकटाच जाऊन त्यांच्याशी बोलून आला. डॉक्टरकडे मी दोघांबरोबर गेलेले. पेशंट म्हणून काका खुर्चीत, सोबत म्हणून काकू. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? काकांनी मुद्दाम चुकीचा सांगितला. मग डॉक्टर काकूंना म्हणाले, "बाई, तुम्हीही यांच्याबरोबर उत्तरं देत चला, म्हणजे यांना धीर येईल." काकूंनी धीर द्यायला म्हणून सगळी परीक्षा दिली. काही उत्तरं आली, काही नाही आली. गोळ्या दोघांना मिळाल्या. काकांच्या गोळ्या ताकदीच्या होत्या. त्या ते काकूंच्या समोर, पाण्याबरोबर, तोंड वाकडं करून घ्यायचे. "तुम्ही घेता म्हणून मी घेते हो," असं काकू म्हणायच्या.

बातमी बिल्डिंगभर झाली, काकांचं डोकं चालेनासं झालं म्हणून. सोसायटीच्या गच्चीची आणि पंपाच्या खोलीची किल्ली इतकी वर्षं काकांकडे असायची. कमिटीची दोन माणसं घरी आली. चांगल्या शब्दांत म्हणाली, काका, आता तुम्ही आराम करा. काकांनी जानव्याची गाठ सोडून किल्ल्या काढून दिल्या. दाराआडून मी बघत होते आणि मला त्या माणसांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही. काकू बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. यांना झेपत नव्हतं आता."

दुसऱ्या दिवशी बाजारात निघताना काकांनी दाराला कुलूप लावलं तर काकू परत फिरल्या आणि ते ओढून बघितलं. काका जिन्यात पिशवी घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, "काका, किती दिवस असं?" म्हणाले, "ती हल्ली सकाळी लवकर उठते. माझे कपडे काढून ठेवते. काळजी करायला कुणीतरी आहे म्हटल्यावर माणूस जरा सावरतो. मला काय, मी जन्मभर हेच करत आलो."

पुढे आम्ही ठाण्याला राहायला गेलो. नवऱ्याची कंपनी बदलली, मलाही तिकडेच नोकरी लागली. जाणं कमी झालं. होतं तसं. बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी डोंबिवलीला गेले. दार काकूंनी उघडलं. वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, साडी स्वच्छ. माझ्याकडे बघून त्या छान हसल्या. "कोण पाहिजे आपल्याला?"

मी नाव सांगितलं. काही उपयोग झाला नाही. "या ना, बसा," म्हणाल्या, आणि मला खुर्चीत बसवून कानाशी वाकल्या. "हे आतच आहेत, बोलावते. पण त्यांना जुनं काही विचारू नका हं. हल्ली त्यांना माणसं आठवत नाहीत, मग वाईट वाटतं त्यांना."

काका माझ्यासाठी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात दिला, माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि काकूंना म्हणाले, "कोण गं या?"

"असतील कुणीतरी आपल्यातल्याच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांचा हात धरला. "तुम्ही घाबरू नका."